सडेवाडीच्या पाखाडीचं नाव

तव्यावरचा घावन करपला तेव्हा समीक्षाचं लक्ष मोबाइलवर होतं. तिने अशी आरोळी ठोकली की आई परसातून धावत आली.

"काय गो, पाल पडली काय अंगावर?"

"आई, हेन्रिकने माझं काम पसंत केलं!"

हेन्रिक जर्मनीत बसून एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरची राखण करायचा. ते जगात कोणीही उघडून बघावं, सुधारावं आणि फुकट वापरावं. त्या सॉफ्टवेअरचं काम दुभाष्याचं, एका यंत्रणेचं बोलणं दुसरीला समजावून सांगायचं. फक्त बँका पैसे पाठवताना एकमेकींना जे संदेश धाडतात, ते त्याला कळत नसत. त्या संदेशांचा आता नवा जागतिक नमुना ठरला होता. पूर्वी पत्ता चार ओळींत कसाही कोंबला तरी चाले. आता रस्ता, गाव, पिन, देश, ज्याला त्याला आपला रकाना. हा नमुना सॉफ्टवेअरला शिकवायचं काम समीक्षाने पोलादपूरच्या घरातून, नोकरी सांभाळून, सुट्ट्या मोडून केलं होतं.

"फक्त एक कर," हेन्रिकने लिहिलं होतं. "चाचणीसाठी घातलेला पत्ता बनावट वाटतो. तुझ्या भागातला खरा घाल."

खरा पत्ता म्हणजे आपली वाडी! डोंगरातल्या वरच्या सडेवाडीचं नाव तिने हौसेने टाइप केलं. पिन भरला, देश भरला आणि रस्त्याच्या रकान्याशी गाडी अडली. वाडीला रस्ता एकच, खालून देवळापर्यंत चढत जाणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी. तिला सगळे नुसतं पाखाडीच म्हणत. समीक्षाने महिपतकाकांना फोन लावला. हे तिचे सख्खे चुलते, मुंबईत टॅक्सी चालवून आता वाडीला परतलेले.

"काका, आपल्या पाखाडीला नाव काय हाय?"

"नाव कशाला पायजे तुला?"

"जर्मनीला पाठवायचंय. जगभरच्या बँका वापरतील त्या सॉफ्टवेअरात जाणार."

काकांचा आवाज एकदम भारदस्त झाला. "टेन्शन मत ले. लिही, कैलासवासी गंगाराम तुकाराम मार्ग."

"आजोबांचं नाव? कधी ठेवलं?"

"आत्ता."

काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण जर्मनी पोटात मावेना. संध्याकाळपर्यंत बातमी वाडीभर झाली आणि काकांच्या शेजारच्या बयाबाईचा फोन आला.

"काय गो समीक्षा, पाखाडी तुझ्या आज्याने एकट्याने बांधली काय? दगड आमच्या ह्यांनी वाहिले! सोमा लक्ष्मण नाव लाव."

तिचा फोन ठेवते तोच वाडीतल्या भिकूअण्णांचा. "जमीन कोणाची? माझ्या आज्याची! धोंडू बाबाजींनी जागा सोडली नसती तर तुमी काय उड्या मारत देवळात गेला असता?"

दुसऱ्या दिवशी भिकूअण्णांनी पाखाडीवर आपल्या हद्दीत काट्या टाकून वाट अडवली. बयाबाई त्या काट्यांच्या वरच्याच पायरीवर ठाण मांडून बसली. वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या ग्रुपवर तीन तट पडले. शेवटी रविवारी समीक्षा स्कूटर घेऊन वाडीत गेली. देवळात सगळे जमलेच होते.

"हे बघा," ती म्हणाली, "भांडू नका. मी रकाना रिकामा ठेवते."

"रिकामा?" तिघेही एका सुरात ओरडले. एवढी एकी वाडीने कधी पाहिली नव्हती.

"जर्मनीवाला काय म्हणेल?" काका उसळले. "ह्यांना साधा रस्ता नाय म्हणेल!"

"इज्जत जाईल वाडीची," भिकूअण्णांनी मान हलवली.

मग तोडगा निघाला, तिघांचीही नावं. क्रमावरून पुन्हा जुंपली, पण बयाबाईने निकाल दिला, "जो आधी गेला तो आधी." अशा रीतीने 'कैलासवासी धोंडू बाबाजी कैलासवासी सोमा लक्ष्मण कैलासवासी गंगाराम तुकाराम संयुक्त स्मृती मार्ग' जन्माला आला. पाटी रंगवायला पेंटर ठरला, नारळ आणायला माणूस धाडला, काट्या निघाल्या.

समीक्षाने घरी येऊन ते नाव इंग्रजी अक्षरांत भरलं, पाठवून दिलं. थोड्याच वेळात हेन्रिकचं उत्तर आलं. "अगं, रस्त्याचं नाव सक्तीचं नाही. गाव आणि देश पुरे."

समीक्षाने कपाळावर हात मारला. एवढं रामायण आणि सक्तीचं नाही! पण लगेच दुसरा मेसेज येऊन थडकला.

"थांब! हे नाव घातलं आणि आपलं सगळंच आडवं झालं! रकान्यात सत्तरच अक्षरं मावतात. जास्त आली तर काय, हा विचार कोणीच केला नव्हता. उद्या एखाद्या बँकेचे संदेश अडकले असते! हे दुरुस्त कर. आणि हा पत्ता चाचणीत कायमचा राहू दे."

समीक्षा खुर्चीतून उडालीच. सत्तर अक्षरं झाली की उरलेलं कापायचं आणि संदेश पुढे जाऊ द्यायचा, अशी तजवीज तिने हातासरशी केली. काम मंजूर झालं. सडेवाडीची पाखाडी जगभर गेली.

पाटीच्या उद्घाटनाला ती मोबाइलवर सॉफ्टवेअरमधलं पत्त्याचं पान उघडूनच गेली. भिकूअण्णांनी बोट फिरवत वाचलं, "धोंडू बाबाजी. बरोब्बर!" बयाबाईला अक्षर येत नव्हतं, तिने अण्णांकडून नवऱ्याचं नाव दोनदा वाचून घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला.

मग काकांनी चष्मा चढवला. "कैलासवासी... गंगाराम... तू." त्यांनी मोबाइल उलटून पाहिला. "पुढं?"

"पुढं जागा संपली, काका. तुकारामातलं 'तु' तेवढं मावलं."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं.

"जागा संपली ती संपली," ते शेवटी म्हणाले. "पण आमच्या आबांना पंचक्रोशीत कोणाची एकेरीत बोलायची टाप नव्हती. त्या जर्मनीवाल्याला सांग गो, निदान 'गंगाराम तुम्ही' तरी लिही."