कूलर, पंप आणि आमचा साधारण माणूस

पेटंट मोडीत काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! नेकनूरच्या चौकात मी तसं जाहीरच करून टाकलं होतं.

सिरसाळ्याच्या त्रिंबकनं कूलरला फवारणीचा पंप जोडला, म्हशी गार ठेवायचं मशीन केलं आणि चक्क पेटंट घेतलं. मीही तसलीच मशीनं करून दुकान गच्च भरलं. लगेच त्याची नोटीस आली. विक्री बंद!

"कूलर जुना, पंप जुना. यात कसलं आलंय डोकं?" मी वकिलांना म्हणालो.

"नुसतं जुनं असून भागत नाही. ही दोन एकत्र जोडावीत असं धंद्यातल्या साधारण माणसाला आपसूक का सुचलं असतं, ते दाखवावं लागेल. तरच त्याचं पेटंट रद्द होईल."

"एवढंच? उद्या गोठ्यातच दाखवतो!"

वकील नको नको म्हणत होते. मी ऐकतोय होय!

पण अख्ख्या नेकनुरात साधारण माणूस मिळेना. विचारलं की भडकायचे, "साधारण कुणाला म्हणतो बे?" शेवटी घाटनांदूरहून मेहुण्याला, शहादेवला बोलावलं. म्हशी पाळतो आणि कशाचाच राग धरत नाही. वकिलांना गोठ्यात आणलं, त्रिंबकलाही मुद्दाम बोलावून पुढची खुर्ची दिली.

"दाजी, काय करू?"

"मी सांगणार न्हाई! म्हशीला उकडतंय. हा कूलर, हा पंप. सुचंल ते कर!"

शहादेवनं पंपानं आधी स्वतःची मोटारसायकल धुतली. मग कूलर बाजेकडं वळवून आडवा झाला.

"अरे, म्हशीचं बघ!"

"बघतो की!" म्हणत त्यानं दावंच सोडलं. शेणानं माखलेली म्हैस वकिलांच्या पांढऱ्या गाडीला अंग घाशीत ओढ्याकडं गेली!

एवढ्यात बायको, सत्यशीला, बाहेर आली. "अवो, काय खेळ मांडलाय?" तिनं पंपाची नळी कूलरच्या तोंडाला तारेनं बांधली, बटणं दाबली. गोठाभर गार तुषार!

मी उडीच मारली. "सुचलं! वकीलसाहेब, सुचलं!"

"सुचलं कशाचं?" बायको म्हणाली. "दुकान भरलंय की असल्या मशीननी! आन् आपल्या शहादेवच्या गोठ्यात तर त्रिंबकभाऊंचं मशीन गेल्या उन्हाळ्यापासून चालतंय!"

सगळ्यांनी शहादेवकडं पाहिलं.

"हाय की! लई भारी हाय," तो बाजेवरूनच म्हणाला. "पण ते आयतं आणलेलं. जोडायचं मला कुठं सुचतंय?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. त्रिंबक मात्र एवढा हसला की खुर्चीसकट मागं पडला. उठून, चहा पिऊन, त्यानं मलाच नेकनूरची एजन्सी दिली. माझ्या मशीनांवर त्याचं नाव घालून ती विकायचीही परवानगी दिली. झकास चाललंय!

कुणी गिऱ्हाईक म्हणालंच, "ह्यात काय विशेष? हे तर कुणालाबी सुचंल," की मी शहादेवला बोलावतो.