गंगाक्का भिंतीतून जाऊ देत नाही

या, जरा जवळ सरका. असं लांब टेकायची कुठली सवय लावून घेतली शहरात? माझ्या थोरल्या जावेची, गंगाक्काची गोष्ट सांगायचीय, आणि डोकं तापलंय म्हणून आत्ताच सांगायचीय.

गंगाक्का माणसाला भिंतीतून जाऊ देत नाही. आता तुम्ही म्हणाल, भिंतीतून जातं कोण? पण आमच्या जुन्या गावात भिंतीच राहिल्या नाहीत. भूकंपात दगडमातीचं सगळं गाव बसलं. माणसं बी गेली, ते नको काढायला. उरलो ते माळावरच्या नव्या गावात आलो. जुन्या गावात बाभळी माजल्या. तिथं आता एक मारुती, एक बारव, आणि पत्र्याच्या खोलीत शेरडांसकट गंगाक्का.

बाभळीतून सरळ निघालात की ती वरडते, "आरं ए, गुंडप्पाच्या चुलीवर पाय दिलास की. गल्लीनं ये." एकदा तलाठ्याला असंच फिरवून फिरवून चावडीसमोर आणला. चावडी बी नव्हतीच. तो बिचारा चप्पल काढून मोकळ्या रानात उभा राहिला. शेरडांना सुद्धा वळण लावलंय. एक बोकड तेवढा कुणाच्याही माजघरात घुसतो. त्याला ती "पावणा" म्हणते.

नव्या गावात ती राहिलीच नाही असं नाही. पण तिथं ज्याची जेवढी जमीन त्या मापानं ओळी पाडून घरं वाटली, शेजार बघून नाही. भिंतीला भिंत लावून जन्म काढलेल्या बाया चार टोकांना गेल्या. एका ओळीतली घरं तर सगळी एकसारखी. गंगाक्का एकदा दुसऱ्याच्याच घरात शिरली, चहा करून प्याली, भांडी घासली, आणि मालकीण आल्यावर तिलाच विचारलं, "तू कुणाकडं आलीस गं?" लोक हसहसून मेले. ही गाठोडं बांधून माघारी. "तितं हाक मारली तर कुणाला ऐकू जात न्हाय," म्हणाली.

औंदा उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी कारखान्याला जायला जुन्या गावातून आडवी वाट धरली. गंगाक्का जाऊन शेवंताच्या उंबऱ्यावर बसली. शेवंता म्हणजे तिची भिंतीपलीकडची शेजारीण. भूकंपानंतर लेकाबरोबर पुण्याला गेली.

ड्रायव्हर म्हणाला, "आजी, हितं घर कुठाय?"

"तुझं पुढलं चाक न्हाणीत हाय. माघारी घे."

त्यानं गुमान घेतलं. मग सरपंच आला, आणि चारचौघांत मला म्हणाला, "जाऊबाईंना आवरा, काकू. येड लागलंय त्यांना. सोमवारी जेसीबी आणून वाट सरळ करतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याच्या बारशाला पाळणा म्हटला तो ह्याच गंगाक्कानं, शेवंताच्या ओसरीवर. मी तोंडावर सांगितलं, "आवर तुझ्या जिभेला घाल."

तशीच तणतणत शेवंताला फोन लावला आणि गंगाक्काच्या कानाला दिला. म्हटलं, घरच्या मालकिणीनंच सांगितलं तर ही उठंल. शेवंता तिकडून म्हणाली, "आक्का, घर कवाच पडलं. जाऊ द्या की ट्रॅक्टर."

गंगाक्कानं ऐकून घेतलं. "जाताना 'आक्का, घराकडं ध्यान असू द्या, आलेच मी' म्हणून गेलीस. तवा हितं हुबी हुतीस. आता बी हितं येऊन सांग. फोनवर न्हाय."

गावाला जाताना आपण बाया म्हणतोच की तसं शेजारणीला. म्हणायची रीत आहे ती. ही मात्र तेवढ्या एका शब्दाला धरून बसलीय. शेवंता आली, आणि तिला आपलं घर सापडलं नाही तर?

फोन माझ्या हातात देताना गंगाक्का हळूच म्हणाली, "आवाज म्हातारा झाला गं तिचा." पदरानं उंबऱ्याचा दगड पुसला आणि पुन्हा बसली.

शेवंता येते म्हणालीय. कधी, ते बोलली नाही. सोमवार तर तोंडावर आला. मी भाकरी बांधून जाते आणि गंगाक्काला टेकून बसते. पण आम्ही पडलो वाळलेल्या म्हाताऱ्या; दोघी बसून बी बाजूनं ट्रॅक्टर जाईल एवढी जागा उरते. तेव्हा जुन्या गावाला या, लवकर या, आणि येताना चार माणसं घेऊन या.