बाविसाव्या मजल्यावरचे कावळे

"दसऱ्याला आपल्या दारात स्वतःची गाडी उभी असेल, बाबा! लिहून ठेवा!"

सुशांतने ही घोषणा केली तेव्हा विश्रामराव खिडकीत बसून नखं कापत होते. लिहून ठेवायला हाताशी काही नव्हतं आणि विश्वास तर मुळीच नव्हता. विमा कंपनीतली नोकरी सोडून, रीतसर परीक्षा देऊन ड्रोन उडवायचा परवाना मिळवलेल्या ह्या चिरंजीवांना आजवर एक बारसं आणि एक साखरपुडा मिळाला होता. दोन्ही नात्यातले, म्हणजे मानधन लाडवांत!

"दसऱ्यापर्यंत बघतो," ते म्हणाले. "मग ते पाखरू विकायचं आणि कळव्याला मामाच्या दुकानात बसायचं."

पण आता काम आलं होतं, आणि काम म्हणजे काय काम! वर्तकनगरातली एक जुनी इमारत पाडून तिथे बावीस मजली टॉवर होणार होता. टॉवर अजून कागदावरच होता. पण बाविसाव्या मजल्याच्या खिडकीतून काय दिसेल, ते गिऱ्हाइकाला दसऱ्याच्या जाहिरातीत दाखवायचं होतं. म्हणजे ड्रोन तेवढ्या उंचीवर न्यायचा आणि शूटिंग करायचं! पैसे चोख. शिवाय बिल्डरच्या ऑफिसातली शिवानी म्हणाली होती, "हे जमलं तर आमच्या सगळ्या साइट्स तुझ्या." सुशांतला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

गोची एकच होती. पितृपक्ष चालू होता!

सुशांत आणि शिवानी त्या इमारतीच्या गच्चीवर पोचले तेव्हा तिथे विमलाबाई केळीचं पान वाढून उभ्या होत्या. सगळ्या बिऱ्हाडांनी टॉवरला संमती दिली होती, सही राहिली होती ती ह्या एकट्या बाईंची. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले होते, आणि त्यांना विचारल्याशिवाय बाई पेनाला हात लावत नव्हत्या.

"आज ह्यांची तिथी," त्या शिवानीला म्हणाल्या. "पानाला कावळा शिवला की समजायचं, ह्यांचा होकार. मग दे तुझा कागद."

समोरच्या टाकीवर पाच-सहा कावळे बसलेच होते. एक तर चोच घासून तयार! शिवानीने पेनाचं टोपण काढलं.

आणि नेमका तेव्हाच सुशांतने ड्रोन उडवला.

"मॅडम, एक नंबर येतंय! ते बघा येऊरचे डोंगर! ती बघा खाडी! ती बघा... ही चोच कोणाची?"

टाकीवरचे कावळे ड्रोनच्या मागे लागले होते. त्यांची कावकाव ऐकून शेजारच्या गच्चीवरचे आले, मग त्यापलीकडचे. बघता बघता वर्तकनगरातले झाडून सगळे कावळे बाविसाव्या मजल्यावर राहायला गेले! खाली गच्चीगच्चीवर पानं तशीच आणि माणसं भुकेने कासावीस.

"ओ ड्रोनवाले! आमचे आजोबा उपाशी आहेत!"

"सासूबाई जिवंतपणी जेवायला एवढा वेळ लावत नव्हत्या हो!"

"मेल्या, आमच्या ह्यांचा कावळा पळवलास!" विमलाबाई कडाडल्या. मग पानाकडे वळून गयावया करू लागल्या. "अहो, या ना! अळूवडी केलीय. दाराला नवा रंग देते. रागावलात का?"

"खाली घे तो! आत्ताच्या आत्ता!" शिवानी दात खात म्हणाली.

सुशांतने घाबरून ड्रोन खाली वळवला. त्यामागून काळा ढग खाली येऊ लागला. इकडे विमलाबाईंनी डोळे मिटून हात जोडले होते.

"बरं, नाही करत सही! टॉवर नको तर नको! पण असे उपाशी जाऊ नका हो!"

ड्रोन पानाशेजारी टेकला. कावळ्यांना अळूवडी दिसली. पुढच्या क्षणी पान दिसेनासं झालं!

विमलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तीन वर्षांत त्या इतक्या खूश झाल्या नव्हत्या. "बघितलंस? ह्यांना टॉवर नकोच होता!"

शिवानीने पेनाला टोपण लावलं आणि सुशांतकडे नुसतं पाहिलं. साइट्स गेल्या.

पडलेल्या चेहऱ्याने बॅग उचलून तो जिना उतरत होता, तोच शेजारच्या इमारतीतले काळुराम धापा टाकत समोर आले. "ते कावळे तू आणलेस ना रे? उद्या आमच्या आईची तिथी आहे. किती घेशील?"

मग काय विचारता! सगळ्या ग्रुपांवर व्हिडिओ फिरला. विठ्ठलवाडीहून फोन, डोंबिवलीहून फोन! बिल्डरने कबूल केले होते त्याहून जास्त पैसे, तेही आगाऊ! सर्वपित्री अमावस्येला तर सुशांतला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर, आणि प्रत्येक ठिकाणी वर खिरीची वाटी! संध्याकाळी तो फुगलेला खिसा थोपटत घरी आला.

"बाबा, गाडीचा रंग सांगा!"

घरात कोणी नव्हतं. सगळे गच्चीवर होते. भुकेने चेहरे उतरलेले, आणि विश्रामराव पानावर छत्री धरून उभे.

"सकाळपासून उभा आहे. तुझ्या आजोबांच्या पानाकडे एक कावळा फिरकला नाही," ते म्हणाले. "सगळे डोंबिवलीला कामावर गेलेत म्हणे." मग त्यांनी हळूच पाकीट काढलं. "घरच्यांना काही सवलत आहे का रे?"

सुशांतने खिरीचा ढेकर कसाबसा दाबला.

"बॅटऱ्या संपल्यात, बाबा. तासभर थांबावं लागेल."