आमेन म्हणण्याआधी

एक अडगळीची खोली. तिची किल्ली शिंपीकाकांच्या कमरेला.

बिस्किटांचा एक कारखाना. लोक पुढे काय खातील याचा विचार करण्यासाठी तिथे पगार देऊन माणूस ठेवलेला.

रंगीत चिकटचिठ्ठ्या, चार गड्ड्या.

भाता फाटलेली पायपेटी.

म्हातारे गुडघे.

या गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. शनिवारी दुपारी पाळकांच्या मेहुण्याने तो जोडायला घेतला आणि हात पोळून घेतले.

झाले होते असे. चर्चची मंडळी रोडावत चालली होती. वरच्या कचेरीने पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, कळवले की पुढच्या दहा वर्षांचा आराखडा सोमवारी पाठवा, नाहीतर तुमची मंडळी नदीपलीकडच्या मंडळीत विलीन करू आणि तुमच्या इमारतीला कुलूप लावू. पाळक प्रवचने उत्तम लिहीत, पण आराखडा म्हणजे काय हे त्यांना धड ठाऊक नव्हते. मग पाळकबाईंनी धाकट्या भावाला बोलावून घेतले. बिस्किटांच्या कारखान्यातला तो पगारी माणूस हाच. देवाधर्माशी त्याचा संबंध बेताचाच, पण ताईच्या शब्दाबाहेर जाण्याची त्याची टाप नव्हती.

पाळकांच्या घरी भरलेल्या बैठकीला मंडळीचे तीन कारभारी होते. त्यांना तिथे 'वडील' म्हणत. शिंपीकाका सगळ्यांत ज्येष्ठ. निवृत्त मेट्रनबाईंचा आवाज अजूनही वॉर्डातलाच. आणि हेडसर, ज्यांनी आल्या आल्या फळ्यावरचा मेहुण्याचा तिरका मथळा पुसून सरळ लिहून दिला.

"दहा वर्षांनी आपण कुठे असू?" मेहुण्याने सुरुवात केली.

"मी वर," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मीही वरच," शिंपीकाका म्हणाले. "खाली कोण असेल ते तू बघ."

मेहुण्याने चिठ्ठ्या वाटल्या. मनातले एका वाक्यात लिहा, म्हणाला. तिघांनी लिहिले. पिवळ्या चिठ्ठीवर प्रभूची इच्छा, हिरव्या चिठ्ठीवर प्रभूची इच्छा, गुलाबी चिठ्ठीवर हेडसरांच्या वळणदार अक्षरात प्रभूची इच्छा, खाली सही. ती इच्छा नेमकी काय असावी, असे त्याने नम्रपणे विचारले. त्याने अजून कळवलेले नाही, असे उत्तर मिळाले.

मग त्याने स्वतःच खडू उचलला. तरुण जोडपी येत नाहीत, कारण पोरे रडली की सगळे चर्च मान वळवून बघते. चर्चशेजारी एक खोली अडगळीने भरून पडली आहे. ती रिकामी करा, तिथे सतरंजी अंथरा, पोरांना घेऊन आयांना तिथे बसू द्या. आराखड्याची सुरुवात तरी होईल.

वडिलांनी माना डोलावल्या. छान, म्हणाले. विचार करण्यासारखे आहे, म्हणाले. कारखान्यात एवढे ऐकायला त्याला महिना लागला असता. मेहुणा हरखला.

"उत्तम सूचना," शिंपीकाका म्हणाले. "आता प्रार्थना करू."

सगळ्यांनी गुडघे टेकून डोळे मिटले.

"हे दयाळू पित्या," शिंपीकाकांनी सुरुवात केली, "आमच्या या पाहुण्याला सद्बुद्धी दे. त्या खोलीत माझ्या वडिलांनी आणलेली पायपेटी आहे, हे त्याला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे."

"हे प्रभू," मेट्रनबाईंनी लगेच धागा उचलला, "त्या पेटीत उंदरांनी बाळंतपणं उरकलीत, हेही तुला ठाऊक आहे. काही जण ते सोयीनं विसरतात. त्यांना क्षमा कर."

"हे परमेश्वरा, उंदीर तूच निर्माण केलेस," हेडसर म्हणाले, "पण खोलीचा वापर बदलण्याआधी समिती नेमावी लागते, याची काहींना आठवण दे."

मेहुण्याने एक डोळा उघडला. पाळकांनी दोन्ही डोळे घट्ट आवळले होते. स्वयंपाकघराच्या दारात पाळकबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. प्रार्थना चालू असताना आत येता येत नव्हते. चहावर साय धरू लागली होती.

"काका," मेहुणा न राहवून म्हणाला, "हे मला सरळ तोंडावर सांगा ना."

शिंपीकाकांनी डोळे न उघडताच सांगितले, "मी तुझ्याशी बोलत नव्हतो."

पाळकांनी त्याला हाताला धरून व्हरांड्यात नेले. या मंडळीत कुणी कुणाला तोंडावर दुखवत नाही, त्यांनी कुजबुजत समजावले. आजवर एकही भांडण झालेले नाही. जे बोलायचे ते वर बोलतात. मतदान वगैरे नाही. प्रार्थनेच्या शेवटी सगळे आमेन म्हणाले की ठरले. मग ते मोडता येत नाही.

"आणि आमेन नाही म्हणाले तर?"

"पुढच्या बैठकीत पुन्हा प्रार्थना."

"या खोलीची प्रार्थना कधीपासून चालू आहे, भाऊजी?"

"मी इथं येण्याच्या आधीपासून."

मेहुणा आत गेला. चहा झाला. गार होता. त्याने खोलीऐवजी अर्धी खोली सुचवली. वडिलांनी पुन्हा कौतुक केले आणि पुन्हा डोळे मिटले. शिंपीकाकांनी पित्याला आठवण करून दिली की अर्धी पेटी वाजत नाही. मेट्रनबाईंनी त्याच पित्याला विचारले, अख्खी तरी कुठे वाजते. हेडसरांनी दोन समित्या मागितल्या. ऊन खिडकीतून फळ्यावर आले, फळ्यावरून भिंतीवर गेले. चिकटचिठ्ठ्यांचा डिंक सुटून त्या एकेक करून खाली पडू लागल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतून मेहुण्याचे हात दुखून आले. पाळक नखे खात होते. त्यांना नदीपलीकडच्या पाळकांच्या हाताखाली मदतनीस म्हणून उभे असलेले आपण दिसत होतो.

"समारोपाची प्रार्थना पाहुण्यानं करायची असते," पाळकबाई दारातून म्हणाल्या.

असा काही रिवाज पाळकांनी कधी ऐकला नव्हता. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. त्यांचे बघून वडिलांनीही घातली. टेकताना गुडघे कुरकुरले.

मेहुण्याने डोळे मिटले.

"देवा," तो म्हणाला, "मी बिस्किटांच्या कारखान्यात काम करतो. तिथं माणसं टेबलं आपटतात, एकमेकांची लाज काढतात आणि संध्याकाळपर्यंत एक बिस्किट ठरवतात. इथं दुपारपासून कुणी आवाज चढवला नाही आणि काही म्हणजे काही ठरलं नाही. ही माणसं गोड आहेत, देवा. इतकी गोड, की मुंग्या लागतील. आता तूच बघ. त्या खोलीची किल्ली माझ्या ताईच्या हातात दे. पेटी बाहेर काढ, पोरं आत घे. आणि सगळ्यांचे पाय आखडलेत, तेव्हा आता आम्हाला घरी जाऊ दे."

"आमेन," तिघेही एका सुरात म्हणाले. अगदी मनापासून.

मग सगळ्यांनी डोळे उघडले.

"मी ते शेवटच्या वाक्याला म्हणालो," शिंपीकाका सावकाश म्हणाले.

"आमेन वाक्याला नसतं," हेडसर म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण कुणाच्या बाजूने बोललो, पण चुकीचे ऐकून घेणे त्यांना जन्मात जमले नव्हते. "ते अख्ख्या प्रार्थनेला असतं. हा दंडक तुमचाच आहे."

मेट्रनबाई रुमालात तोंड घालून खोकल्या.

शिंपीकाकांनी छताकडे पाहिले. वरून काही हरकत आली नाही. त्यांनी कमरेची किल्ली सोडली, ती पाळकबाईंच्या तळहातावर ठेवली, आणि लगेच हात काढून घेतला नाही.

"पेटी कुठं ठेवणार?"

"तुमच्या बाकाशेजारी," पाळकबाई म्हणाल्या. "तुम्हाला हात लावता येईल अशी. उंदरांचं मात्र तुम्ही बघायचं, काका."

पाळकांनी त्याच संध्याकाळी आराखडा लिहिला. समाधानाने त्यांचे अक्षर जरा मोठेच आले. मेहुणा मिळेल त्या गाडीने परत गेला, आणि कारखान्याच्या पुढच्या बैठकीत कुणी टेबल आपटले तेव्हा त्याला गहिवरून आले.

विलीनीकरण रद्द झाले आहे, आराखडा पाठवू नये, असा वरच्या कचेरीचा फोन बैठकीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळीच येऊन गेला होता. तो पाळकबाईंनी घेतला होता.