ओम की आन

श्यामसुंदर खरवंडीकरांनी डच भाषा शिकायला घेतली ती प्रेमापोटी नव्हे. मुलगी नीरजा हॉलंडमध्ये नोकरी करत होती आणि तिथल्याच योस्ट नावाच्या मुलाशी लग्न करणार होती. श्यामसुंदरराव या लग्नाला 'नाही' म्हणाले नव्हते आणि 'हो'ही म्हणाले नव्हते. "तुमचं ठरलंय. मी कोण?" एवढंच वर्षभर चाललं होतं. विमानाची तिकिटं आली तेव्हा मात्र ते बुधवार पेठेत जाऊन डच व्याकरणाचं जुनं पुस्तक घेऊन आले. शाळेत मराठी व्याकरण शिकवण्यात हयात गेलेला माणूस परमुलखात जाऊन अशुद्ध बोलणं शक्यच नव्हतं.

"हे वाक्य ऐक," ते बायकोला, आनंदीबाईंना म्हणाले. "वेइ कोमेन झोंडाख ओम झेस ऊर आन. आम्ही रविवारी सहा वाजता पोचतो. 'आनकोमेन' म्हणजे पोचणे. पण वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात. 'कोमेन' अलीकडे, 'आन' पार शेवटी."

"आणि ओम?"

"ओम म्हणजे 'वाजता'."

"अहो, पण धड इकडे नि शेपूट तिकडे, असं कशाला करतात?"

"देश समुद्राच्या पातळीखाली आहे. पाणी उपसून वेळ उरला की करत असतील."

मग योस्टच्या आईला, मार्लीसबाईंना, आपणच येण्याची वर्दी द्यावी असं त्यांनी ठरवलं. विमान सहाला पोचेल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून 'झेस' म्हणजे सहा आणि 'ऊर' म्हणजे तास, हे दोन्ही शब्द गेले. शेवटी उरलं 'ओम आन'. वाक्याला दोन शेपट्या शोभत नाहीत, म्हणून त्यांनी 'आन' उडवलं. ओम ठेवलं. तेवढंच मंगल! 'वेइ कोमेन झोंडाख ओम' असा निरोप धाडून त्यांनी फोन बंद केला. उत्तरासाठी ताटकळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

डचमध्ये 'ओमकोमेन' असंही एक क्रियापद आहे. त्याचंही 'ओम' हे शेपूट वाक्याच्या शेवटी जातं, आणि त्याचा अर्थ जिवानिशी जाणे. ते पुस्तकात पुढच्या धड्यात होतं.

मार्लीसबाईंनी वाचलं, 'आम्ही रविवारी मरतो.' नवरीच्या वडिलांना हे लग्न पसंत नाही, हे त्यांच्या कानावर होतंच. त्यांनी घाबरून योस्टला ऑफिसातून बोलावलं, योस्टनं नीरजाला. नीरजानं वडिलांना फोन लावला तर बंद. आनंदीबाईंचा वाजत होता, पण तो चार्जिंगला आत आणि त्या गॅलरीत. शेवटी तिनं खालच्या मजल्यावरच्या हेमाला फोन केला. "हेमा, पटकन वर जा! बाबा काहीतरी भलतंच करतायत!"

हेमा धापा टाकत वर आली. दार उघडंच होतं. माळ्यावरची बॅग काढून बांधायची म्हणून श्यामसुंदरराव हातात दोरी घेऊन स्टुलावर चढले होते. हेमानं किंकाळी फोडून त्यांच्या पायांना मिठी मारली.

"काका, नको! मुलगी सुखात आहे ना, मग झालं!"

"अगं, सोड! पडेन! पडलो तर मात्र खरंच मरेन!"

गॅलरीतून धावत आलेल्या आनंदीबाईंनी नवऱ्याला उतरवलं, हेमाला पाणी दिलं. मग हेमाच्याच फोनवर व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर नीरजा, योस्ट आणि रडून लाल झालेल्या मार्लीसबाई. नीरजानं शेवटी आलेल्या 'ओम'चा अर्थ सांगितला.

"एका अक्षरानं माणूस मरतो? ही काय भाषा आहे?" श्यामसुंदरराव भडकले.

"तुमच्या मराठीनं काय कमी माणसं जायबंदी झाली?" आनंदीबाई म्हणाल्या.

मार्लीसबाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या. नीरजाचा चेहरा उतरला.

"बाबा, त्या म्हणतायत, चूक कळली. पण हे लग्न तुम्हाला मनापासून हवंय का? नसेल, तर त्या सगळं थांबवायला तयार आहेत."

श्यामसुंदररावांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग त्या अनोळखी रडक्या बाईकडे. घसा खाकरून ते म्हणाले, "या."

मार्लीसबाई रडता रडता हसायला लागल्या. योस्टनं तर उडीच मारली.

"बाबा," नीरजा म्हणाली, "डचमध्ये 'या' म्हणजे 'हो'. तुम्ही हो म्हणालात, की त्यांना आपलं मराठीतलं 'या' म्हणालात?"

"अर्थ संदर्भावरून लावायचा असतो. आठवीत शिकवलंय तुला."

आनंदीबाईंनी कपाळाला हात लावला. "वर्षभरात एक शब्द धड बोलले, तोही डच!"