जेवणाआधीची नऊ मिनिटं

मानववंशशास्त्राच्या विद्यार्थिनीला परदेशी पाठवताना सरांनी एकच मंत्र दिला होता, "विचारायचं नाही. बघायचं, आणि ते करतील तसं करायचं." सहा महिने एका शिंप्याच्या घरी राहून त्या घराच्या रीतींवर प्रबंध लिहायचा. जमला तर पदवी, नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्याच संध्याकाळी शिंपीकाकूंनी पुढ्यात सूपचा वाडगा ठेवला आणि तिला एकदम आई आठवली. तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. ती मान खाली घालून बसली. जरा वेळाने हळूच पाहिलं, तर काका-काकूही चमचे ठेवून, माना खाली घालून बसलेले! रडू जागच्या जागी थांबलं. तिने वहीत लिहिलं, 'जेवणापूर्वी मौन. कडक पाळतात.'

दुसऱ्या दिवसापासून तीही कडक पाळू लागली. आधी मान वर करणं उद्धटपणाचं दिसेल म्हणून ती काकांची वाट बघे, काका तिची. दोन मिनिटांची पाच झाली, पाचाची नऊ. काकू सूप उकळतं आणू लागल्या, तरी ते गार होई. काकांच्या पोटातून आवाज येत. तिने त्यांचीही नोंद केली. समोरचा बेकरीवाला बायको आणि सासूसह जेवायला आला, तर तेही तिघं बसल्या बसल्या माना खाली घालून मोकळे. 'शेजारातही प्रथा रूढ,' तिने लिहिलं. प्रकरण चाळीस पानांचं झालं.

चौदाव्या आठवड्यात सर तपासणीला आले. नऊ मिनिटं त्यांनीही मान खाली घातली. मग स्वतःचाच मंत्र मोडून काकांना विचारलं, "ही प्रथा किती पिढ्यांची?"

"पिढ्या कसल्या? हिची आहे की ती! पोरीला परकं वाटू नये म्हणून आम्ही पाळतो. बेकरीवाल्यालाही बजावून ठेवलं होतं, आम्ही करू तसं करा."

"माझी?" तिच्या हातातला चमचा पडला. "मी तर तुमची पाळत होते!"

सरांनी वही मागितली आणि प्रकरणाच्या पहिल्याच पानावर आडवी रेघ मारली. तिचा चेहरा पांढराफटक.

"मग पहिल्या दिवशी मान खाली का घातली होतीस गं?" काकूंनी विचारलं.

"आईची आठवण येऊन रडू येत होतं."

"अगं बाई! आणि आम्ही वाडग्याची नक्षी बघत बसलो!" काकू काकांवर उखडल्या. "तरी म्हणत होते, विचारा तिला!"

"असं विचारणं बरं दिसतं का?" काका पुटपुटले. सरांनी उगाच चष्मा पुसला.

तेवढ्यात बेकरीवाला पाव द्यायला आला. सगळं ऐकून त्याला पटेचना. "हिची कशी असेल? आमच्याकडे रोज पाळतात. सासूबाई तर सांगतात, त्यांच्या आजीपासून चालत आलंय!"

सरांनी झटकन पेनाचं टोपण काढलं. "लिहून घे," ते कुजबुजले. "प्रथा जन्मते कशी! उद्यापासून त्यांच्याकडे बसायचं."

तिने पेन घेतलं. काकूंनी ते काढून घेतलं. "उद्याचं उद्या. आधी सांग, आई कशी आहे तुझी? करते काय? चिडली की बोलते की गप्प बसते? आणि तू निघालीस तेव्हा काय म्हणाली?"

ती रडत, हसत सांगत राहिली. काकू विचारत राहिल्या. सर ऐकत होते. दुसऱ्याचं घर जाणून घेणं चौदा आठवड्यांत त्यांच्या विद्यार्थिनीला जमलं नव्हतं, ते काकूंनी अर्ध्या तासात केलं होतं, आणि तेही वहीशिवाय.