कुंदनची प्रॉक्सी

“असा मेळावा अख्ख्या वऱ्हाडात झाला नसंल! लिहून घ्या!” शेखरनं बॅचच्या ग्रुपवर आवाज सोडला आणि शंभर जणांनी पटापट अंगठे वर केले. वर करतील नाही तर काय! शेखर म्हणजे अमरावतीतला बडा क्लासवाला. तीन शाखा, आणि चौकाचौकात स्वतःच्याच हसऱ्या थोबाडाचे फलक. बाकी कोणी बँकेत, कोणी खतांच्या कंपनीत. मेळाव्याची उस्तवार करायला वेळ कोणाला?

बेत झकास होता. अकोल्याच्या त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, त्याच बाकांवर बसायचं आणि ब्याऐंशी वर्षांच्या केशवराव सरांनी तीस वर्षांपूर्वीच्या वहीतून हजेरी घ्यायची. जे गेले त्यांच्या नंबरावर क्षणभर शांतता. आणि सत्तावीस नंबर आला की शेखरनं उठून भाषण करायचं.

सत्तावीस म्हणजे कुंदन. शेखर अठ्ठावीस. दोघांचं मेतकूट असं, की एक वर्गात असला की दुसरा हमखास चहाच्या टपरीवर. वर्गातल्यानं टपरीवरच्याची प्रॉक्सी मारायची, तीही हुबेहूब त्याच्याच आवाजात! कुंदनचा आवाज नाकातला, लांबट. शेखरचा खणखणीत आणि घाईचा. पुढं कुंदन धारणीकडं कृषी सहायक झाला, जंगलातल्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी करून घेतली आणि मागच्या वर्षी अकोल्याच्या घरी बसल्या बसल्या गेला.

आता खरी मेख सांगतो. कुंदनच्या मयतीला शेखर गेलाच नव्हता! त्या दिवशी तिसऱ्या शाखेची फीत कापायची होती. अकोला दोन तासांवर, पण फीत काही थांबेना. संध्याकाळी मात्र गड्यानं ग्रुपवर लिहिलं, “मित्राले खांदा देऊन आलो. शब्द नाहीत.” कोणी खोडून काढलं नाही, म्हणून याचं फावलं. पण आज कुंदनची बायको रागिणी समोरच्या बाकावर बसली होती, आणि ती तोंड उघडेल या धास्तीनं शेखरला सकाळपासून दोनदा घाम फुटला होता. जिवलग मित्र म्हणून मिरवणाऱ्याची शंभर जणांसमोर शोभा झाली असती!

दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन, तरी वर्गात हुडहुडी भरावी असा गारवा. कुंदनच्या फोटोला हार घालून तो त्याच्याच जुन्या जागी ठेवला होता.

“पंचवीस?”

“हजर सर!” हा किशोर, बँकेचा मॅनेजर.

“सव्वीस?”

“हजर सर!” ही प्रतीक्षा, पुण्याहून आलेली.

“सत्तावीस...”

सर थांबले. शेखर भाषणाचा कागद काढायला खिशात हात घालतो न घालतो तोच—

“हजऽऽर, सर!”

नाकातला. लांबट. कुंदनचा!

किशोरच्या हातातला पेढा खाली पडला. प्रतीक्षानं शेजारणीचा दंड असा धरला की ती किंचाळली. कोणी रामनाम घेतलं, कोणी चप्पल शोधू लागलं.

“कोन बोललं बे?” किशोर कुजबुजला.

“फोटूतून आला आवाज, मा शप्पथ!” मागून कोणीतरी म्हणालं.

रागिणी मात्र फोटोकडं बघत नव्हती. ती मागं वळून थेट शेखरकडं बघत होती. “भाऊजी,” ती हळूच म्हणाली, “ओठ तर तुमचेच हालले.”

“माहे? नाई वहिनी! मी काहून...” आणि मग शेखरच्या ध्यानात आलं. घसा त्याचाच खरखरला होता! सत्तावीस ऐकलं आणि जुन्या खोडीनं जीभ आपसूक वळली होती. वर्गात अशी काही खसखस पिकली की कागद खिशातच राहिला. सरही हसले. आता जीभ पुन्हा घसरू नये म्हणून शेखरनं रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला.

“अठ्ठावीस?” सरांनी विचारलं.

“हजर सर!”

खणखणीत. घाईचा. शेखरचाच आवाज!

पण शेखरच्या तोंडात तर रुमाल होता.

या खेपेला कोणी किंचाळलं नाही, कोणी हसलंही नाही. आवाज त्या फोटोच्या बाजूनं आला होता, हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

रागिणी शांतपणे उठली. “हाच आवाज,” ती म्हणाली. “यायले उचलाच्या आधी किशोरभाऊजींनी इचारलं, ‘शेखर आला का?’ तवा असाच आवाज आला, ‘आलो, आलो!’ साऱ्यायनं ऐकला. म्या वळून पायलं भाऊजी, तुमी कुठंच नव्हते. आवाज आला तिकडं तिरडीवर एकटे हेच निजले होते. मंग म्या कोनाले काई सांगितलं नाई.”

शेखरनं रुमाल काढला. डोळे भरून आले होते. आता लपवायचं तरी कोणापासून?

“खोडा सर माही हजेरी,” तो म्हणाला. “मयतीले मी नव्हतो आलो. म्या खोटं लिहिलं. फीत कापत होतो.”

केशवराव सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि वहीत अठ्ठाविसापुढं गैरहजेरी मांडली. सत्ताविसापुढं मात्र त्यांनी हजेरी लावली. मग वही मिटून शेखरकडं पाहिलं.

“लेका,” सर म्हणाले, “तो तिरडीवरून तुही प्रॉक्सी मारून गेला, अन् तुले साधी अकोल्याची एसटी नाई भेटली?”